आटवलेल्या दुधाची गोष्ट
बेळगावच्या खासबाग, शहापूर, वडगाव या विणकरांच्या पेठांत फ्रीज उशिरा आला. कुंदा ही आटवलेल्या दुधाची मिठाई त्याच्या आधीची.

दुधात सुमारे 87 टक्के पाणी असते, आणि जिवाणूंना तेच हवे असते. म्हणून दूध मंद आचेवर तासन्‌तास आटवायचे, साखर घालायची. बरेचसे पाणी उडते, उरलेले साखर धरून ठेवते. जिवाणूंना वाढायला वाव उरत नाही. कुंद्याचा तपकिरी रंगही याच आचेचा. रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता हलवायांनी हे साधले, याचे खरोखर कौतुक वाटते.

टिकवण्याचा दुसरा मार्ग थंडीचा. 1833 मध्ये अमेरिकेतला बर्फ जहाजाने कलकत्त्याला उतरला. पुढे यंत्राची थंडी आली. ती बहुतेक जिवाणूंना मारत नाही, त्यांची वाढ मंदावते. तिसरा मार्ग रसायनांचा: पोटॅशियम सॉर्बेट हे परिरक्षक बुरशीला अडवते.

फ्रीजमधला कुंदा अधिक दिवस टिकतो. पण गारव्याने त्यातले तूप गोठते, म्हणून खाण्याआधी तो थोडा वेळ बाहेर ठेवावा.