प्रीतिभोजन (ब्रदरन पंथ)

ब्रदरन मंडळीतील संस्कार; समेट, पायधुणी, साधे जेवण आणि प्रभुभोजन असा त्याचा क्रम. पंथाची स्थापना 1708 मध्ये जर्मनीतील श्वार्त्सेनाऊ येथे झाली. विल्बर स्टोव्हर व सहकारी 1894 मध्ये भारतात आले व त्यांनी वलसाडला काम सुरू केले. पुढे डहाणूलाही मिशन केंद्र झाले; कैनाड आणि आसपासच्या वारली गावांना ते जवळचे होते आणि मिशनचा दवाखाना तेथेच होता.

संस्काराची खरी कसोटी जेवणाआधी लागते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायाप्रमाणे ज्याच्याशी बिनसले त्याला आधी एकांतात गाठायचे, मग एकदोन साक्षीदार न्यायचे, शेवटी मंडळीपुढे मांडायचे. मनात अढी ठेवून पंगतीला बसणे निषिद्ध. नंतर कमरेला टॉवेल गुंडाळून एकजण शेजाऱ्याचे पाय धुतो, पुसतो. मग ज्याचे पाय धुतले तो उठून पुढच्याचे धुतो. परंपरेने स्त्रिया व पुरुष वेगळे बसतात. शेताच्या बांधावरून अबोला धरलेल्यांना असे एकमेकांचे पाय धुणे सोपे जात नसणार.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांची मिळून उत्तर भारतीय मंडळी (सी.एन.आय.) झाली, ब्रदरन त्यांपैकी एक. पुढे काही ब्रदरन वेगळे झाले आणि गुजरातेतील मालमत्तेचा वाद न्यायालयात गेला. केवळ ठराव करून संस्थेचे विलीनीकरण होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दिला.