लागू नाही

नवरा किंवा बायको अमेरिकेची नागरिक असेल, तर जोडीदाराला कायमचं तिकडे नेण्यासाठी आधी आय-१३० नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्याच्या सूचनांत एक बारीक फरक सांगितलाय. प्रश्न तुम्हाला लागूच नसेल तर 'एन/ए' लिहा, आणि आकड्याचं उत्तर शून्य असेल तर 'नन' लिहा. कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळतं: शून्य वेगळं, नल वेगळं. पण अमरावती-अकोल्याकडच्या जोडप्यांची पंचाईत तिसरीच असते. प्रश्न लागू असतो, फक्त उत्तर एका रकान्यात मावत नाही. आणि त्याचं कारण बहुतेकदा इतिहासात सापडतं.

जन्मस्थळच घ्या. १९९६ साली वाशीमला जन्मलेल्या मुलीच्या जुन्या दाखल्यावर जिल्हा अकोला असतो, कारण वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. गंमत म्हणजे वाशीम त्याआधीही जिल्हा होता. १९०५ मध्ये इंग्रजांनी वऱ्हाडाचे सहाचे चार जिल्हे केले, तेव्हा तो गेला. एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर, त्याचा जिल्हा अमरावतीत गेला तोही तेव्हाच. म्हणजे पासपोर्टवर वाशीम आणि दाखल्यावर अकोला, यात खोटं काहीच नाही. पण परदेशातल्या अधिकाऱ्याला ते आपोआप कसं कळणार?

दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे बाळ जन्मल्यावर नोंद लगेच होते, नाव बारशाला ठरतं. जुन्या कोतवाल बुकात तर कित्येकदा बापाचं नाव, जात, तारीख आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानेही नावाशिवाय नोंद मान्य केली. कलम १४ नुसार नाव मागाहून भरता येतं. ते भरायचं राहून गेलेले दाखले आजही घरोघरी ट्रंकेत पडलेत. व्हिसाच्या फाइलला असा दाखला लावला, तर तो नेमका कोणत्या भावंडाचा, हा प्रश्न उरतोच.

फॉर्ममध्ये 'पूर्वी वापरलेली इतर नावं' असाही रकाना आहे. लग्नात तांदळाच्या ताटात नवीन नाव लिहिलेल्या बाईने तिथे 'एन/ए' टाकून चालत नाही. टीसीवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि मधलं नाव आधी वडलांचं, मग नवऱ्याचं. ही सगळी एकच बाई आहे, हे तिलाच सिद्ध करावं लागतं.

लग्नाचा पुरावा मागण्याची गोष्टही जुनी आहे. मार्च १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की, बहुपत्नीत्वाला परवानगी देणाऱ्या धर्माच्या रीतीने झालेलं लग्न तिथल्या कायद्याला मान्य नाही. नवऱ्याकडे निघालेल्या एका भारतीय बाईला प्रवेश नाकारल्याचं ते प्रकरण होतं. एका निकालाने हजारो बायकांचं 'पत्नी' असणंच धोक्यात आलं. कस्तुरबांसह कितीतरी जणी सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेल्या. १९१४ च्या कायद्याने ती लग्नं मान्य झाली.

कोरा रकाना आजही महागात पडू शकतो. २०१९-२० मध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने आश्रय मागणाऱ्यांचे आणि गुन्ह्याला बळी पडलेल्यांचे अर्ज कोऱ्या रकान्यांसाठी परत पाठवले. मधलं नावच नसलेल्या माणसाने तो रकाना कोरा ठेवला, तरी अर्ज परत. प्रकरण कोर्टात गेलं आणि डिसेंबर २०२० मध्ये हा प्रकार थांबला. जोडीदाराचे फॉर्म त्या नियमात नव्हते, पण धडा सगळ्यांनाच लागू आहे.

म्हणून आधी उत्तरांची वाटणी करा. लागू नाही, शून्य, माहीत नाही आणि 'लागू आहे, पण सांगायला जागा हवी' ही चार वेगळी उत्तरं आहेत. चौथ्यासाठी फॉर्मच्या शेवटी जादा माहितीचं पान असतं. जिल्हा कधी बदलला, नाव कधी बदललं, ते तिथे दोन ओळींत लिहा.

आणि जन्माची नोंदच सापडली नाही, तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि सोबत जन्माची माहिती असलेल्या, वयाने मोठ्या जवळच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र लागतं. आई, आजी, आत्या, मावशी. दाखल्याची नक्कल उद्याही मिळेल. या बायकांना मात्र आजच विचारून घ्या.