पाडायला निघालेलं स्टेशन

जुनी इमारत पाडायचा विषय निघाला की दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, "पडकी झालीय, पाडून टाका." दुसरा म्हणतो, "वारसा आहे, हात लावू नका." अशा वेळी मला जर्मनीतलं रोलांडसेक स्टेशन आठवतं.

बॉनच्या दक्षिणेला, ऱ्हाईन नदीच्या काठावर, रेमागेन या छोट्या शहराच्या हद्दीत ते आहे. १८५६ साली बॉनकडून रेल्वे इथपर्यंत आली. लोक गाडीतून उतरायचे आणि खाली धक्क्यावर जाऊन आगबोट पकडायचे. पर्यटकांची गर्दी डोळ्यासमोर ठेवूनच स्टेशनची इमारत अशी थाटात बांधली, की ती एखाद्या वाड्यासारखी दिसते. वर मोठा दिवाणखाना, समोर नदी. राणी व्हिक्टोरिया इथे येऊन गेली. ब्राम्स, क्लारा शुमान, लिस्ट यांचं संगीत इथे झालं.

पण मोठ्या नावांनी छप्पर गळायचं थांबत नाही! दुसऱ्या महायुद्धानंतर इमारत ओस पडली आणि पाडायची भाषा सुरू झाली.

१९६४ मध्ये बॉनचे एक कलादालनवाले, योहानेस वास्मुट, पुढे आले. त्यांनी तिथे नुसती पाटी लावली नाही, तर स्टेशन कलाकारांना खुलं केलं. चित्रकार, शिल्पकार तिथे राहू लागले, काम करू लागले. मैफली सुरू झाल्या. शिल्पकार हान्स आर्प, चित्रकार कोकोश्का, व्हायोलिनवादक मेनुहिन, मूकाभिनेता मार्सेल मार्सो अशी माणसं येऊ लागली. बॉन तेव्हा पश्चिम जर्मनीची राजधानी होती, त्यामुळे राजकारणी आणि राजदूतही यायचे. एवढी वर्दळ असलेली जागा पाडणार कोण?

वास्मुट १९९७ मध्ये गेले. पुढे ऱ्हाईनलँड-फाल्त्स राज्याने इमारतीची नीट दुरुस्ती केली. मागच्या टेकडीवर वास्तुविशारद रिचर्ड मायर यांची पांढरी नवी इमारत उभी राहिली. स्टेशनमधून बोगद्याने आत जायचं आणि लिफ्टने वर. २००७ मध्ये आर्प संग्रहालय सुरू झालं. आणि हो, खालच्या फलाटावर लोकल गाड्या आजही थांबतात.

सरकारने नीट दुरुस्ती केली, पण वास्मुट गेल्यानंतर. तोवर इमारत तगली ती वापरामुळे. माझ्या मते वारसा वाचवायचा तर "हे कधीचं आहे?" याच्याइतकाच "उद्या सकाळी इथे कोण येणार?" हाही प्रश्न विचारायला हवा.

तुमच्या गावातल्या कुठल्या जुन्या इमारतीबद्दल हा प्रश्न विचारावासा वाटतो?