संगणकावरील देवनागरी : सातारा व सांगली

मूलतः रोमन लिपीसाठी घडविलेल्या संगणकावर देवनागरी मजकूर लिहिणे, साठविणे, वाचणे व छापणे यांसाठी करावी लागणारी व्यवस्था. हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक व अलीकडचा वाटतो. परंतु परक्या लिपीसाठी तयार झालेल्या यंत्रापुढे आपली लिपी वाकवावी की लिपीसाठी यंत्र बदलून घ्यावे, हा त्यातील मूळ वाद मुद्रणाइतकाच जुना आहे. सातारा व सांगली या भागात त्याची दोन्ही उत्तरे संगणकापूर्वीच आजमावली गेली होती. सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके व विलीन झालेली संस्थाने मिळून १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा करण्यात आला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे या दोन जिल्ह्यांचा विचार एकत्र करणे सोयीचे ठरते.

महाराष्ट्रातील देवनागरी मुद्रणाचा एक आद्य प्रयत्न मिरज येथे झाला. पुण्यातील ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट यांच्या संपर्कातून नाना फडणीसांना भगवद्‌गीता छापवून घेण्याची कल्पना सुचली व एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्याचे काम सुरू झाले. १८०० मध्ये नानांच्या निधनाने ते थांबले. पुढे मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांच्या आश्रयाने १८०५ मध्ये गीता छापली गेली. या पद्धतीत जोडाक्षरांची अडचण मुळीच नव्हती, कारण संपूर्ण पान एक चित्र म्हणून कोरले जाई. मात्र तोच पत्रा दुसऱ्या मजकुरासाठी निरुपयोगी असे. अक्षराचे रूप साठविणे आणि अक्षर साठविणे या दोहोंतील हा भेद संगणकाच्या काळात पुन्हा उपस्थित झाला.

सुट्या खिळ्यांची छपाई रूढ झाल्यावर देवनागरीचा पसारा जुळाऱ्यापुढे उभा राहिला. रोमन लिपीची लहानमोठी अक्षरे, अंक व विरामचिन्हे दीडशेच्या आत आटोपतात. देवनागरीची अर्धी अक्षरे, जोडाक्षरे व काना-मात्रायुक्त रूपे मिळून मात्र कित्येक शे खिळे लागत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानात १९१० मध्ये वसविलेल्या किर्लोस्करवाडीतून (सध्या सांगली जिल्हा) शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये जे मासिक सुरू केले, ते पुढे किर्लोस्कर या नावाने प्रसिद्ध झाले. १९३० नंतरच्या काळात या मासिकात लिपीसुधारणेचा प्रयोग दिसतो. इ, उ, ए यांसारख्या स्वतंत्र स्वरचिन्हांऐवजी ‘अ’ लाच वेलांटी, उकार व मात्रा देण्याची, वि. दा. सावरकर यांनी पुरस्कारलेली पद्धत त्यात वापरली गेली. कारखानदारीच्या वातावरणात वाढलेल्या नियतकालिकाला यंत्राची सोय प्रमाण वाटावी, हे स्वाभाविकच होते. वाचकांना ही रूपे काही काळ अंगवळणी पडली, तथापि शाळांतून ती टिकली नाहीत.

त्याच संस्थानच्या राजधानीत, औंध येथे (सध्या सातारा जिल्हा), याच्या नेमके उलट कार्य चालले होते. श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ मध्ये तेथे आले आणि स्वाध्याय मंडळाद्वारे त्यांनी वैदिक संहिता प्रसिद्ध केल्या. ऋग्वेदाच्या मुद्रणात अनुदात्ताची आडवी रेघ अक्षराखाली व स्वरिताची उभी रेघ अक्षरावर नेमकी बसावी लागते. रेघ एका अक्षराने सरकली तरी पाठ चुकतो. येथे लिपीचे एकही चिन्ह कमी करणे शक्य नव्हते, जुळणीच तिच्या कलाने करावी लागली. १९४८ मध्ये सातवळेकर पारडीला गेले. संगणकीय संकेतसंचात वैदिक चिन्हांसाठी स्वतंत्र विस्तार येण्यास त्यानंतर साठांहून अधिक वर्षे लागली (२००९).

टंकलेखन यंत्राने लिपीला अधिकच आवळले. त्यात सुमारे नव्वद चिन्हांनाच जागा असे. म्हणून अर्धे अक्षर उमटवून त्यास काना जोडून पूर्ण अक्षर करणे, यासारख्या युक्त्या योजल्या गेल्या. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, म्हणून ती आधी टंकित करावी लागे. उच्चारात मात्र ती व्यंजनानंतर येते. १९५३ च्या लखनौ परिषदेने ही वेलांटी उजवीकडे नेण्याची शिफारस केली होती, परंतु ती रुचली नाही व १९५७ मध्ये मागे घेण्यात आली. शासकीय परीक्षेसाठी मिनिटास तीस किंवा चाळीस शब्दांचा वेग कमावलेल्या टंकलेखकांच्या बोटांत हा ‘वेलांटी आधी’चा क्रम इतका मुरला, की संगणकाचे कळफलक ठरविताना त्याची दखल घ्यावीच लागली.

भारतीय लिपींसाठीचे संगणकीय तंत्र कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८० नंतरच्या दशकात विकसित झाले व पुढे पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) ते जिस्ट या नावाने प्रसृत केले. इंग्रजी संगणकात एक जादा पत्रिका (कार्ड) बसविली, की त्यावर भारतीय लिपी दिसू लागत. उच्चारक्रमानुसार लिहिण्याचा इनस्क्रिप्ट कळफलक १९८६ मध्ये, तर इस्की हा संकेतसंच १९९१ मध्ये प्रमाण ठरला. त्यात २५६ संकेतांपैकी खालचा अर्धा भाग रोमनसाठी कायम ठेवून वरच्या अर्ध्या भागात भारतीय अक्षरे बसविली होती. साठवायचे ते अक्षर, त्याचे रूप यंत्राने ठरवावे, हे त्यामागील तत्त्व होते.

प्रत्यक्ष बाजारात मात्र दुसरीच वाट रुळली. श्रीलिपी, आकृती इ. प्रणालींचे टंक (फाँट) रोमन अक्षरांच्या घरांतच देवनागरीचे तुकडे बसवीत. तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलेल्या अक्षरजुळणी केंद्रांतून लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक व साप्ताहिके अशीच तयार होऊ लागली. छापलेले पान उत्तम दिसे. परंतु तोच मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला, की रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची निरर्थक माळ पुढे येई. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. मिरजेच्या पत्र्याप्रमाणे त्यात अक्षरांची केवळ चित्रे होती. या काळातील पुष्कळ मजकुराची छापील प्रत उरली, पण संगणकीय प्रत वाचण्याजोगी राहिली नाही. रूपांतर करणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत, तथापि रफार, वेलांटी व अर्धी अक्षरे यांच्या जागा त्यांत चुकतात आणि मुद्रितशोधन पुन्हा करावे लागते.

युनिकोड या जागतिक संकेतसंचात (१९९१) देवनागरीस स्वतंत्र स्थान मिळाले. ‘क’ चा संकेत कोणत्याही टंकात व कोणत्याही देशात एकच राहतो. या बाबतीत चिनी लिपीशी तुलना उद्‌बोधक आहे. चीनच्या १९८० च्या प्रमाण संचातच ६,७६३ चित्राक्षरे होती. तेथे प्रत्येक अक्षराचे रूप ठरलेले असते व अडचण निवडीची असते : रोमन कळांनी उच्चार लिहावयाचा आणि पुढे येणाऱ्या अक्षरांतून हवे ते निवडावयाचे. देवनागरीत मूळ चिन्हे थोडी, पण शेजारच्या अक्षरानुसार त्यांची रूपे बदलतात. म्हणजे चिनीसाठी संगणकास मोठा साठा हवा, तर मराठीसाठी रूपे जुळविण्याचे नियम हवेत. विंडोज २००० या कार्यप्रणालीत ते नियम व र. कृ. जोशी यांनी आरेखिलेला मंगल हा टंक समाविष्ट झाला. त्यानंतरच्या विंडोज एक्सपीच्या (२००१) इंग्रजी आवृत्तीत ही सोय असली तरी ती बंद असे. प्रदेश व भाषा यांविषयीच्या पटलावर संमिश्र लिपींच्या चौकटीत खूण करावी, मूळ तबकडी घालावी, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मग मराठी कळफलक जोडावा, असा क्रम होता. चिनी, जपानी व कोरियन लिपींची चौकट शेजारीच, पण वेगळी होती. मूळ तबकडी हाताशी नसली, की काम तेथेच अडे.

वाई (जि. सातारा) येथून संपादित होणाऱ्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या खंडांची यंत्रवाच्य प्रत असण्याचा प्रश्नच नव्हता. २०११ पासून सी-डॅकच्या साहाय्याने खंडांतील मजकूर युनिकोडमध्ये महाजालावर आला, तेव्हा एखादा शब्द वीस खंडांच्या पसाऱ्यात क्षणार्धात शोधणे शक्य झाले.

तरी काही गाठी उरल्या. ‘ॲ’ या मराठी चिन्हास युनिकोडमध्ये २००८ मध्ये स्वतंत्र संकेत मिळाला. ल व श यांची मराठी वळणे महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण ठरविली, परंतु मंगलसारख्या टंकांत हिंदी वळणेच दिसतात. सर्वांत चमत्कारिक अडचण सातारा या नावाच्याच वाट्यास आली. त्याचे सामान्यरूप ‘साताऱ्या–’ असे होते आणि त्यातील अर्धा र हिंदीत वापरला जात नाही. तो लिहिण्याच्या दोन रीती आहेत : नुक्ताधारी र चा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण संगणकास ती भिन्न वाटतात. म्हणून एका रीतीने शोध घेतल्यास दुसऱ्या रीतीने लिहिलेला मजकूर हाती लागेलच असे नाही. जोडचिन्ह गळाले तर र चा रफार होऊन शब्दच बिघडतो.

मोडी लिपीस युनिकोडमध्ये २०१४ मध्ये स्थान मिळाले. संस्थानी काळातील हिशेब, वतनपत्रे व निवाडे यांचे मोडी कागद या भागातील अनेक घराण्यांकडे आहेत. त्यांची छायाचित्रे संगणकावर घेता येतात, पण छायाचित्रातील शब्द संगणकास आपोआप शोधता येत नाही. त्यासाठी जाणकाराने कागद वाचून लिप्यंतर टंकित करावे लागते.