बेने इस्रायल समाजाचे राजकारण

बेने इस्रायल हा कोकणातील मराठीभाषक ज्यू समाज होय. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस या समाजापुढे दोन प्रश्न एकदमच उभे राहिले. हिंदुस्थानातील नव्या कायदेमंडळांत अल्पसंख्य म्हणून स्थान मागावे काय, हा पहिला. आणि पॅलेस्टाइनमध्ये होऊ घातलेल्या ज्यू राष्ट्रगृहाशी कोणते नाते ठेवावे, हा दुसरा. या दोन्हींचा खल चालू असतानाच, ज्या मुंबई इलाख्याच्या आधाराने समाज दूरवर पसरला होता, त्या इलाख्याच्याच सीमा बदलत गेल्या.

पार्श्वभूमी

समाजाची मूळ वस्ती प्रामुख्याने आजच्या रायगड जिल्ह्यात होती. नवगावजवळ गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. चिपळूणजवळील परशुराम क्षेत्राशी निगडित असलेल्या चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेते येतात. या साम्याची नोंद अभ्यासकांनी घेतली आहे. मात्र त्यावरून समान वंश सिद्ध होत नाही. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारची सुटी यांमुळे या लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणत. रोहेकर, पेणकर, दिवेकर ही त्यांची आडनावे गावांवरून आलेली आहेत.

अठराव्या शतकापासून लष्कर आणि पुढे सरकारी नोकऱ्या यांच्या निमित्ताने हे लोक मुंबई, पुणे, कराची, एडन व रंगून येथे गेले. ‘कर’ लावलेली आडनावे त्यांच्याबरोबर सिंधमध्येही पोहोचली: कराचीतील मागेन शालोम हे सिनेगॉग १८९३ मध्ये शालोम सॉलोमन उमरडेकर यांनी उभारले.

१९१७–१८ : दोन जाहीरनामे, दोन संस्था

हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांनी २० ऑगस्ट १९१७ रोजी केली. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २ नोव्हेंबर रोजी, बाल्फोर जाहीरनामा निघाला. माँटेग्यू स्वतः ज्यू होते आणि ब्रिटिश मंत्रिमंडळात बाल्फोर जाहीरनाम्याला सर्वांत कडवा विरोध त्यांनीच केला होता. ज्यूंचे वेगळे राष्ट्र मान्य झाले तर इतर देशांतील ज्यू तेथे परके ठरतील, असा त्यांचा आक्षेप होता. त्याच हिवाळ्यात ते हिंदुस्थानात येऊन निरनिराळ्या समाजांची शिष्टमंडळे भेटून गेले.

या वातावरणात १९१७ मध्ये बेने इस्रायल परिषद भरली. लगेच पुढच्या वर्षी जेकब बापूजी इस्राएल आणि बॅरिस्टर डेव्हिड सॉलोमन एरुळकर यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय इस्राएलाइट लीग स्थापन झाली. तिची बैठक कराचीत भरली. त्या वेळी सिंधमध्ये सुमारे ६५० बेने इस्रायल राहत होते. एवढ्या लहान समाजाला दोन संस्था परवडणाऱ्या नव्हत्या, आणि दुफळीमुळे दोहोंचे बळ घटले.

राष्ट्रीय चळवळीकडे ओढा असणारे लोक समाजात होते. डेव्हिड यांचे बंधू डॉ. अब्राहम एरुळकर हे महात्मा गांधींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी एक होते. सरकारी नोकरी आणि लष्कर यांवर घर चालवणाऱ्या अनेकांना मात्र राजनिष्ठा हाच सुरक्षित मार्ग वाटे.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न

१९१९ च्या कायद्याने मुंबई कायदेमंडळात मुसलमानांचे विभक्त मतदारसंघ कायम राहिले, तर मराठ्यांना राखीव जागा मिळाल्या. ज्यूंना स्वतंत्र जागा मिळाली नाही. ज्यू मतदार ‘बिगर-मुसलमान’ या सर्वसाधारण मतदारसंघात मोडला. म्हणजे मतदार म्हणून त्याची ओळख तो काय नाही यावरून ठरली. १९३२ च्या जातीय निवाड्यातही ज्यूंचा वेगळा उल्लेख नव्हता. बगदादी ज्यूंनी आपली गणना युरोपीयांत व्हावी असा प्रयत्न केला. त्यामुळे ते बेने इस्रायलांपासून अंतर राखत आणि हिंदुस्थानातील ज्यूंची एकजूट दुरापास्तच राहिली.

स्थानिक संस्थांत मात्र विभक्त मतदारसंघाविनाही वाट मिळाली. अब्राहम रूबेन १९३६ मध्ये कराची महापालिकेचे पहिले ज्यू नगरसेवक झाले, तर डॉ. इलायजा मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले.

झायोनवाद

१८९७ च्या पहिल्या झायोनवादी अधिवेशनाचे निमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायलांनी नाकारले होते. सियोनला परतणे ईश्वरी इच्छेने घडावे, अशी त्यांची श्रद्धा होती. १९२० मध्ये मुंबईत झायोनवादी संघटना निघाली, तिच्यात प्रारंभी बगदादी ज्यूंचा भरणा होता. बेने इस्रायलांत हा विचार हळूहळूच रुजला.

बदलत्या सीमा

१ एप्रिल १९३६ रोजी सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा झाला. पुढच्याच वर्षी त्याच तारखेला ब्रह्मदेश व एडन हिंदुस्थानपासून तोडण्यात आले. १९४७ मध्ये कराची परदेशात गेली. ज्या शहरात लीगची बैठक भरली होती, तेथील नातलगांना भेटण्यास आता सीमा ओलांडावी लागे. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यावर कराचीतील ज्यूंना असुरक्षित वाटू लागले आणि बहुतेकांनी हळूहळू देश सोडला; पुष्कळ जण प्रथम मुंबईस आले. मागेन शालोम १९८८ मध्ये पाडण्यात आले.

पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध भारताने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी मत दिले, मात्र १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली. भारतात ज्यूंचा छळ झालेला नव्हता, तरीही स्थलांतर मोठे होते. यामागे धर्मभावना होती, तशीच इंग्रजी राजवटीबरोबर गेलेल्या नोकऱ्यांची चिंताही होती.

इस्रायलमधील संघर्ष

अल्पसंख्य म्हणून भारतात जो लढा फारसा द्यावा लागला नाही, तो ज्यूंच्याच राष्ट्रात द्यावा लागला. भेदभावाच्या तक्रारी करून काही कुटुंबांनी धरणे धरले आणि १९५२ मध्ये ती भारतात परतली. १९६२ मध्ये प्रमुख रब्बींच्या कार्यालयाने बेने इस्रायलांच्या इतर ज्यूंशी होणाऱ्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरूसलेममध्ये निदर्शने झाली. अखेर ऑगस्टमध्ये इस्रायली संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला आणि ते निर्देश मागे घ्यावे लागले.

महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा २०१६ मध्ये दिला. तोवर राज्यात हा समाज काही हजारांवर आला होता.