कणांची मोजदाद आणि थायरट्रॉन

किरणोत्सर्गी पदार्थातून निघणारे अल्फा कण विसाव्या शतकाच्या आरंभी चक्क डोळ्यांनी मोजले जात. झिंक सल्फाइडचा लेप दिलेल्या पडद्यावर कण आदळला की तेथे क्षणभर ठिपका चमके, आणि काळोखाला नजर सरावलेला निरीक्षक सूक्ष्मदर्शकातून असे ठिपके मोजी. ठिपके दाट पडू लागले की तो गोंधळे, विरळ पडले की त्याचे लक्ष उडे. या रीतीचा बेभरवशीपणा डिसेंबर १९२७ मध्ये उघड झाला, कारण केंब्रिजच्या जेम्स चॅडविक यांनी व्हिएन्नाच्या रेडियम संस्थेत, प्रयोगाची मांडणी न सांगता तेथील स्त्री-निरीक्षकांना मोजायला बसवले, तेव्हा त्या संस्थेचे पूर्वीचे आकडे पुन्हा मिळाले नाहीत. दोष त्या स्त्रियांच्या नजरेचा नव्हता. कोणता आकडा अपेक्षित आहे हे मोजणाऱ्याला आधी ठाऊक असणे, हेच मुळात घातक होते.

विद्युत मार्ग रदरफर्ड आणि गायगर यांनी १९०८ मध्येच मँचेस्टरला दाखवला होता, आणि १९२८ मध्ये गायगर व म्यूलर यांची नळी आल्यावर कणागणिक विजेचा एक झटका, म्हणजे स्पंद, सहज मिळू लागला. अडचण पुढे होती. आकडा दाखवणारा यांत्रिक गणक म्हणजे विद्युतचुंबकाने एकेक दाता पुढे सरकणारे चाक, आणि ते सरकत असताना आलेला दुसरा स्पंद त्याला कळतच नसे. कण ठरावीक अंतराने येत नाहीत, यदृच्छेने येतात. म्हणून सरासरी वेग कमी असला तरी दोन-तीन स्पंद एकापाठोपाठ येऊन त्यांपैकी एकच नोंदला जाई. उपकरण निवडताना सरासरीपेक्षा दोन स्पंदांमधील लहानात लहान अंतर पाहावे लागते, ते यामुळेच.

यावरचा तोडगा कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतील वेल्श भौतिकशास्त्रज्ञ विन-विल्यम्स यांनी काढला. थायरट्रॉन ही वायुभरित नलिका असून ती एकदा पेटली की धनाग्रावरचा विद्युतदाब उतरेपर्यंत विझत नाही; अशा दोन नलिका धारित्राने जोडल्या तर एक पेटताच दुसरी विझते, आणि या जोडीतून दर दोन स्पंदांमागे एकच स्पंद पुढे जातो. १९३२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या या रचनेत अशा पाच जोड्या ओळीने लावल्या की बत्तीस स्पंदांमागे चाक एकदाच सरके, आणि उरलेली संख्या कोणत्या नलिका पेटलेल्या आहेत यावरून वाचता येई: १६, ८, ४, २, १. शिवाय विभागणीमुळे स्पंदांची गर्दीही पांगते, हा लाभ केवळ वेगाहून मोठा मानावा लागेल.

थायरट्रॉनलाही मर्यादा होतीच, कारण विझल्यानंतर आतील वायूचे आयन पुन्हा उदासीन होण्यास वेळ लागे. त्यामुळे एक्लस व जॉर्डन यांच्या १९१८ च्या मंडलावर आधारलेल्या निर्वात नलिकांनी पुढे तिची जागा घेतली. विन-विल्यम्स यांचे कौशल्य मात्र युद्धकाळात भलतीकडेच कामी आले: ब्लेचली पार्क येथे जर्मन सांकेतिक संदेश उलगडण्यासाठी उभारलेल्या ‘हीथ रॉबिन्सन’ यंत्राचे इलेक्ट्रॉनिक गणक त्यांनीच घडवले.