एएम४ सॉकेट

एएमडी या अमेरिकन कंपनीचे डेस्कटॉप संगणकाच्या प्रोसेसरसाठीचे सॉकेट. पिना १३३१, त्या सॉकेटवर नसून प्रोसेसरच्या बुडाशी असतात. मेमरी फक्त डीडीआर४. सप्टेंबर २०१६ मध्ये तयार संगणकांतून आणि मार्च २०१७ मध्ये पहिल्या रायझन प्रोसेसरांसह सुट्या विक्रीत आले. रायझन १००० ते ५००० या मालिका त्यात बसतात. त्यामुळे बोर्ड व रॅम तीच ठेवून केवळ प्रोसेसर बदलायचा, हा गेमिंग संगणक सुधारण्याचा कमी खर्चाचा मार्ग ठरला. सप्टेंबर २०२२ मध्ये एएम५ (१७१८ स्पर्शबिंदू, फक्त डीडीआर५) आल्यावरही एएम४साठी नवे प्रोसेसर निघत राहिले.

बायोस : प्रोसेसर सॉकेटात बसला म्हणजे चालेलच असे नाही, बोर्डाच्या बायोसला (संगणक सुरू करणाऱ्या मूलभूत प्रणालीला) तो ओळखता आला पाहिजे. सुरुवातीच्या अनेक बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीची होती आणि सर्व पिढ्यांची माहिती तीत मावेना. काही उत्पादकांनी बायोसचा चित्रमय मेनू साधा केला, काहींनी सर्वांत जुन्या ब्रिस्टल रिज प्रोसेसरांना वगळले. पुढची झेन ३ रचना (रायझन ५००० मालिकेची) फक्त ५०० मालिकेच्या चिपसेटवर चालेल, असे एएमडीने मे २०२० मध्ये जाहीर केले. ग्राहकांच्या नाराजीनंतर त्याच महिन्यात बी४५० व एक्स४७० या आधीच्या चिपसेटांचा समावेश झाला; एक्स३७०, बी३५० व ए३२० यांना ही सोय २०२२ मध्ये मिळाली. म्हणून बोर्डाच्या उत्पादकाची सुसंगत प्रोसेसरांची यादी आधी पाहावी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावे आणि मगच नवा बसवावा. अद्ययावत होताना वीज गेल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो. यूपीएस असलेला बरा. फ्लॅशबॅकचे (बायोस पुन्हा भरण्याचे) बटण असलेल्या बोर्डांना हा धोका कमी.

कॅश : हवी ती माहिती प्रोसेसरमधल्या एल३ कॅश या जलद स्मृतीत नसली की प्रोसेसरला रॅमपर्यंत जावे लागते आणि तो फेरा बराच लांबचा असतो. रायझन ७ ५८००एक्स३डी (एप्रिल २०२२) मध्ये ३२ एमबी कॅशवर ६४ एमबीचा आणखी एक थर रचून ती ९६ एमबी केली आहे. त्याची कमाल गती ४.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे साध्या ५८००एक्सच्या ४.७ हून कमी. तरी बहुतेक खेळांत तो सरस ठरतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर व फॅक्टोरिओ यांत हा फरक ठळक दिसतो. व्हिडिओ संपादनासारख्या कामांत लाभ जवळजवळ नाही.

निवडीतील प्रोसेसर (एमबीचे आकडे एल३ कॅशचे) :
५५०० – ६ कोअर, १६ एमबी, पीसीआय एक्सप्रेस ३.०
५६०० – ६ कोअर, ३२ एमबी, ६५ वॅट
५७००एक्स – ८ कोअर, ३२ एमबी, ६५ वॅट
५७००एक्स३डी – ८ कोअर, ९६ एमबी, १०५ वॅट (जानेवारी २०२४)
५८००एक्स३डी – ८ कोअर, ९६ एमबी, १०५ वॅट

क्रमांकावरून रचना कळतेच असे नाही. ३४००जी नावाने ३००० मालिकेतला, पण त्याची रचना आधीच्या पिढीची झेन प्लस. ५५०० व ५६०० यांच्या नावांत शंभराचाच फरक, ५५००ची कॅश मात्र निम्मी.

ग्राफिक्स कार्ड : १०८०पीवर प्रोसेसरचा फरक अधिक जाणवतो. ४केवर बहुधा कार्डच आधी दमते. तेथे प्रोसेसर बदलून फारसे हाती लागत नाही. एएम४वरच खर्च करावा की थेट एएम५ घ्यावे, याविषयी एकमत नाही.

विंडोज ११ : रायझन १००० मालिका त्याच्या समर्थित प्रोसेसरांच्या अधिकृत यादीत नाही.

शीतन : ५६००सोबत पंखा मिळतो, ५८००एक्स३डीसोबत नाही.

काढणी : थर्मल पेस्ट सुकल्यावर कूलर सरळ ओढला, तर प्रोसेसरही सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट करावी, वीज बंद करावी, मग कूलर हलका पिळून सोडवावा.